लाल खटक्यावरचा आळ

मित्रांनो, मी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एक जुना लाल खटका आहे. बटण म्हणा हवं तर. समोर दिवा लागला की माणसाने मला दाबायचं आणि त्याला किती वेळ लागला ते संगणकाने टिपायचं. नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! पुढे माझा रंग उडाला आणि मला कुणी पुसेनासं झालं.

एकदा बसचालकांची कामाची पाळी आणखी लांबवायचं ठरत होतं. धोका आहे का, ते आमच्या अहवालावरून कळणार होतं. संशोधक ताई रात्रपाळी संपवून आलेल्या चालकांना माझ्यासमोर बसवायची. त्यातले एक गलेलठ्ठ काका दिवा लागताच मला दाबत. पण मधूनच दिवा लागे आणि त्यांचं बोट कितीतरी वेळ हलतच नसे. डोळे टक्क उघडे, माणूस मात्र जागेवर नाही.

या वेळांचा आलेख घंटेसारखा, दोन्हीकडे सारखा उतरता येईल असं ताईच्या सरांना वाटलं होतं. तो एका बाजूला, उशिराच्या उत्तरांकडे, लांब शेपूट ओढत आला.

"छाट ती शेपटी," सर म्हणाले. "खटका अडकत असणार. सरासरी कशी छान येते बघ."

"सर, पण खटका अडकत नसेल तर?"

सरांनी आलेखाकडे पुन्हा एकदा पाहिलं. "मग दाखव. अहवाल परवा द्यायचाय."

ताईने त्याच चालकांना एका दिवसाच्या सुट्टीनंतर बोलावलं.

"काका, झोप झाली ना?"

"झाली म्हणजे काय! बायको नाकाशी सूत धरून बघत होती!"

मी जीव मुठीत धरून बसलो. एकदा जरी अडकलो असतो, तरी सगळा दोष माझ्यावर आला असता आणि पाळी लांबली असती. दिवा लागला, बोट आलं. पुन्हा लागला, पुन्हा आलं. या वेळी शेपूट उगवलंच नाही.

सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले. मग स्वतः मला दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा.

"खटका ठणठणीत आहे. एकही आकडा काढू नकोस. नुसत्या सरासरीवर विसंबू नकोस, सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावून मधला दे. आणि उशिराची उत्तरं वेगळी, ठळक लिही."

पाळी लांबली नाही. मला मात्र कुणीतरी ओल्या फडक्याने पुसलं, आणि खरं सांगतो, मला भरून आलं.

मित्रांनो, एखादा आकडा इतरांपासून लांब उभा दिसला, तर त्याला हाकलण्याआधी त्याची नीट चौकशी करा. आमच्या त्या शेपटीत उघड्या डोळ्यांनी झोपलेला एक माणूस होता आणि त्याच्या मागे भरलेली बस होती.