काजळीवरची रेघ

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. वाजणारा नव्हे, लिहिणारा. अंग पितळेचं, पोटात घड्याळासारखी चक्रं. माझ्यावर गुंडाळलेला कागद धुरावर धरून काळाकुट्ट करत. मग चावी दिली की मी हळूहळू फिरे आणि एक बारीक काडी त्या काजळीवर पांढरी रेघ ओढी.

औषधांच्या प्रयोगशाळेत मी आलो, त्याच वर्षी बाई आल्या. तिथे संशोधन करणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. "चार दिवस टिकतील," असं सगळे म्हणत. बाईंच्या आईला दमा होता. दम्यात श्वासनळी आवळते. ती सैल करणारं औषध त्यांना हवं होतं. जनावराच्या श्वासनळीचा लहानसा तुकडा कोमट खारट पाण्यात टांगून बाई तो माझ्या काडीला बांधत. तुकडा आवळला की रेघ वर, सैलावला की खाली. किती औषधं घातली, पण रेघ आपली वरच अडून बसे.

एके दिवशी मात्र ती सरसर खाली आली. बाई धावत जाऊन प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना घेऊन आल्या. रेघ पक्की करायला कागदावर लाखेचं रोगण ओतावं लागतं. आनंदाच्या भरात ते राहूनच गेलं.

"कुठंय?" म्हणत साहेबांनी कागदावर बोट फिरवलं.

"साहेब, पुसलीत की."

"मग पुन्हा काढा. नाही निघाली तर हे टेबल उद्या दुसऱ्याला," साहेब नाक खाजवत म्हणाले. बोटाची काजळी नाकाला लागली.

औषध थेंबभरच उरलं होतं. बाईंनी तुकडा धुऊन पुन्हा आवळवला, नवा कागद चढवला.

"हात मागे बांधा," त्या म्हणाल्या. साहेबांनी निमूट बांधले.

थेंब पडला. रेघ सरळ गेली. अजूनही सरळच. माझ्या पोटातली चक्रं धडधडत होती. आणि ती घसरली, तळापर्यंत!

"अहो, खरंच की," साहेब पुटपुटले.

"आधी नाक पुसा," म्हणत बाई रोगण आणायला पळाल्या.

ते औषध कितीतरी घरांत पोहोचलं. पुढे बाई साहेबांच्या खुर्चीत बसल्या, पण नियम तोच राहिला: माझ्यापुढे हात मागे बांधूनच उभं राहायचं. डबा घेऊन येणारे त्यांचे यजमानही तसेच उभे राहत.

मग संगणक आले आणि मी कपाटावर गेलो. बाईही हे जग सोडून गेल्या. परवा यजमान एकटेच आले. माझ्यावर कागद नाही, काजळी नाही, तरी हात मागे बांधून बराच वेळ उभे होते.

मित्रांनो, तुम्ही आलात तर असे लांब राहू नका. धूळ झटका, चावी द्या. मी अजून फिरतो. आणि ते पुन्हा आले तर त्यांना सांगा, आता हात लावला तरी चालतो.