निम्म्या कापात थांबणारी मशीन

हा रबर आता कुठेच मिळायचा नाही, हे पेणच्या दुकानदाराने मला इतक्या आनंदाने सांगितलं, की मला वाटलं आता पेढाच देतो हातावर.

"मॉडेलच बंद झालंय, काका. नवीन घ्या."

नव्या मशिनी काउंटरवर ओळीने मांडल्या होत्या, तकतकीत.

"नवीन घेऊ का, असं मी विचारलं काय तुला? रबर हाय का नाय, तेवढं सांग."

नाही म्हणाला. बाहेर आलो, तर शेजारच्या कारखान्यात गणपती वाळत ठेवलेले, अजून डोळे न आखलेले. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. एरवी मी जाता जाता हात जोडतो. त्या दिवशी माझ्याने तिकडे बघवलं नाही.

झाडं कापायच्या पेट्रोलवरच्या मशीनमध्ये कार्बोरेटर आणि सिलेंडर यांच्यामध्ये बोटभर लांबीची रबरी नळी असते. ती फाटली की बाहेरची हवा आत घुसते आणि मशीन बंद पडते. माझ्या मशीनच्या रबराला बारीक चीर होती. त्या चिरेत माझा भाऊ राहत होता. असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत, त्यांना कुठे माझ्यासारखी झाडं पाडायची आहेत!

भाऊ म्हणजे महिपतीदादा, माझा चुलतभाऊ. रोह्यापासून कोलाडपर्यंत कुणाचं झाड घरावर झुकलं, की दादाला बोलावणं यायचं. मशीन त्याची, मी त्याच्या हाताखाली. झाड ज्या बाजूला पाडायचं तिकडून आधी खाच घ्यायची, मग मागून काप घालायचा. मागचा काप निम्मा झाला की दादा मशीन थांबवायचा, म्हणायचा, "कान्हू, वर बघ." आम्ही दोघं मान मोडेपर्यंत वर बघायचो. सुकी फांदी कुठे अडकली आहे का, वेल कुठे ताणला आहे का, ते बघून मग पुढचा काप. घाई असो, मालक ओरडत असो, दादाने हे कधी चुकवलं नाही.

आणि असा माणूस गेला कसा, तर मशीन बंद करून, एका आंब्याखाली बसून, कानशीने चेनीचे दात घासत असताना. तो आंबा आम्ही कापणारही नव्हतो. वारा आला, सुकी फांदी आली, झालं. मला देवाचा राग येतो तो याच गोष्टीचा.

दहाव्याला रोह्याला कुंडलिकेच्या काठावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चार कावळे बसलेले, एक खाली उतरेल तर शपथ. मेलेल्याची इच्छा अडली की असं होतं, मग नातेवाइकांनी एकेक शब्द द्यायचा. भाऊबंद म्हणाले, तुझ्या पोरीचं, ऋतुजाचं, लग्न आम्ही करू. तिचा मामा म्हणाला, वालाची शेती पडीक ठेवणार नाय. कावळे ढिम्म. दादाची बायको, हौसावहिनी, कोरड्या डोळ्यांनी बघत उभी होती. ती रडलीच नव्हती, पहिल्या दिवसापासून. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले, आणि मी कंटाळून, चिडून म्हणालो, "दादा, तुझी मशीन मी बंद पडू देणार नाय!"

कावळा उतरला.

शब्द देताना माणसाने जरा विचार करावा. मशीन जुनी, कंपनीने पार्ट बनवणं सोडून दिलेलं. पण दिला तो दिला. तेव्हापासून मी त्या मशीनचा गडी झालो. रिंग झिजली, दोरी तुटली, स्प्रिंग गेली, क्लच गेला. प्रत्येक वेळी कुठल्या तरी भंगारात तीच मशीन शोधायची, मेलेल्या मशीनचा अवयव काढून जित्या मशीनला लावायचा. वाडीत मला चिडवायचे, कान्हूच्या बायकोची सवत बघा, बायकोपेक्षा हिचीच औषधं जास्त.

मग रोह्यापलीकडच्या अष्टमी गावात एक फणस पाडताना पहिल्यांदा ते झालं. मागचा काप निम्म्यावर आला आणि मशीन आपोआप थांबली. मी शिवी हासडली, आणि शिवी देताना मान वर गेली. डोक्यावर सुकी फांदी नुसत्या सालीवर लोंबकळत होती. मी मागे सरलो आणि ती खाली आली.

पुन्हा दोरी ओढली, मशीन एका झटक्यात सुरू.

त्यानंतर प्रत्येक झाडाला तसंच. खाच घेताना बिनतक्रार चालायची, मागच्या कापात निम्म्यावर थांबायची, एकदाच. अष्टमीच्या हर्षद मेकॅनिकने मशीन खोलून मला ती चीर दाखवली. "रबर तापला, मशीन आडवी धरली, की ही उघडते. हवा खाते आनि बंद पडते. बदलून टाक." मी म्हणालो, राहू दे. चीर मलाही दिसत होती, मी काही आंधळा नाही. पण चिरेला कसं कळायचं काप निम्मा झालाय ते? हे हर्षदला विचारलं, तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

वहिनीला मी काही सांगितलं नव्हतं. तिचं घर डोंगराच्या पायथ्याला, वर काम असलं की मशीनचा आवाज थेट तिच्या चुलीपाशी जायचा. एका संध्याकाळी तिच्या अंगणात पाणी पीत होतो, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आज दोन झाडं झाली ना, भावजी? दोनदा थांबवलं तुम्हांला."

माझ्या अंगावर काटा आला. तिच्या तोंडावर मात्र काही नव्हतं. ज्या दिवशी मशीन चालायची, त्या दिवशी ती नीट जेवायची. चालली नाही की ऋतुजाने वाढलेलं ताट तसंच राहायचं. मग मी काम नसलं तरी वर जाऊन पडलेलं लाकूड कापायचो. घाबरायचो मी, खोटं कशाला बोलू? एकटा असताना मशीन थांबली, की मानेवर कुणाचा तरी श्वास असल्यासारखं वाटायचं. पण त्या भीतीची मला सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर ती हवीशी झाली होती.

यंदा भात झोडून झालं आणि तो रबर पार फाटला. मशीन सुरूच होईना.

आता कोंडी बघा. रबर बदलला तर चीर जाणार. नाही बदलला तर मशीन बंद, आणि दादाला दिलेला शब्द मोडणार. सायकलची ट्यूब गुंडाळून बघितली, पेट्रोलने विरघळली. तिसऱ्या दिवशी वहिनी मला हाक मारून म्हणाली, "आवाज नाय आला." तेवढंच. ताट तिच्या मागे झाकून ठेवलेलं दिसत होतं.

मी पेणला गेलो, त्याचं काय झालं ते सांगितलंच. रोह्याच्या बाजारात नव्हता. नागोठण्याला भंगारवाल्यांकडे बघितलं, नदीच्या पुरात बुडालेल्या मशिनी चिखलासकट पडलेल्या, सगळे रबर कडक झालेले. शेवटी कोलाडला हायवेवर एका खानावळीत जेवताना मालकाला सहज विचारलं, तर त्याच्या पाठच्या खोलीत तीच मशीन निघाली, फारशी न वापरलेली, उंदरांनी वरून कुरतडलेली. आतला रबर मऊ, काळाभोर, जसाच्या तसा. त्याने तो तसाच देऊन टाकला. मला आनंद व्हायला हवा होता.

हर्षदने रबर बसवला, कार्बोरेटरचा पडदा बदलला, जुना तुकडा कचऱ्यात फेकला. मशीनने असा सूर धरला की तो स्वतःच टाळी द्यायला पुढे आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या घरावरच्या उतारावर एक वाळलेला शिरस पाडायचा होता. दोर धरायला वाडीतला नितेश होता, तो लांब खाली, दोराच्या टोकाला. मी मनात म्हटलं, दादा, चीर नसली म्हणून काय झालं, तू काय चिरेवर अवलंबून आहेस?

खाच घेतली. मागून काप घातला. मशीन लोण्यात सुरी जावी तशी जात होती. निम्मा काप झाला असेल, मी वाट बघितली. थांबली नाही. अजून थोडं, मी म्हटलं, आता थांबेल. मी हातातल्या मशीनकडे कान लावून होतो, सगळा जीव तिच्या आवाजात. वर बघायचं ते तिने थांबून सांगायचं, हीच सवय लागली होती मला. मी स्वतः वर बघायचंच विसरून गेलो होतो.

कुणीतरी मागून माझी कॉलर धरली आणि असं ओढलं की मी मशीनसकट पाचोळ्यात आडवा झालो. मी उभा होतो तिथे मांडीएवढी फांदी येऊन आदळली. मशीन उताराला पडून तशीच चालू होती.

माझ्या शेजारी वहिनी पडली होती. पदर काट्यांत फाटलेला, पाय रक्ताळलेले, अनवाणीच धावत आली होती. श्वास मिळेना तिला.

"थांबली नाय," ती म्हणाली. "मी चुलीपाशी वाट बघितली, थांबेल म्हणून. मोठा शिरस, एवढा वेळ... थांबलीच नाय."

मी रांगत जाऊन मशीन बंद केली. नितेश खालून ओरडत येत होता, त्याला मी हातानेच लांब राहायला सांगितलं. वहिनीला उठवून झाडापासून दूर खाली आणलं आणि एका दगडावर बसवलं. ती उताराकडे बघत होती, अर्ध्या कापलेल्या झाडाकडे, त्याच्या आसपासच्या जागेकडे, जसं कुणी जत्रेत चुकलेलं माणूस शोधतं. बराच वेळ तिने शोधलं. मीही शोधत होतो. मला नेहमीसारखी भीती वाटायला हवी होती. काहीच वाटत नव्हतं. नुसतं वाळलेलं रान होतं.

मग तिचा चेहरा मोडला. इतक्या दिवसांत न रडलेली बाई मोठ्याने रडायला लागली, आणि मला म्हणाली, "भावजी, ते गेले हो."

एखादी बातमी सांगावी तसं तिने ते सांगितलं. आणि मीही, वेडा, ज्याने दादाला खांदा दिला होता, तिला विचारलं, "कधी?"

"आत्ताच," ती म्हणाली.