पान चाळीसवरची आत्या

दाताच्या दवाखान्यातल्या नर्सने जपानी कॉमिक्सच्या वेडापायी सहा वर्षं ती भाषा घोकली, लाडक्या कॉमिकचं भाषांतर केलं आणि प्रकाशकाच्या ओळखीतल्या मैत्रिणीकडे दिलं. “कच्चं आहे म्हणाले गं,” मैत्रिणीनं तोंड पाडून सांगितलं.

आज दुकानात तेच पुस्तक दिसलं. भाषांतरकार म्हणून मैत्रीण! मूळ जपानी प्रतीत पान चाळीसवर राणीचं बोलणं पुसट छापलेलं होतं, म्हणून नर्सने तिच्या तोंडी आपल्या आत्याचं ठेवणीतलं वाक्य घातलं होतं: “मेले, तोंड वर करून बोलतेस कशी?” तेही जसंच्या तसं छापलेलं.

तिनं फोन लावला.

“अगं, भाषांतरं जुळतात कधीकधी,” मैत्रीण म्हणाली.

“पान चाळीस काढ,” नर्स म्हणाली. “माझी आत्या तुझ्याशीच बोलतेय.”