आदर्श पालक, डार्मश्टाट विभाग

मुलाखत म्हणजे काय, हे ऑस्ट्रेलियातल्या लोकांना कुणीतरी एकदा नीट समजावून सांगायला हवं. आपल्याकडे या गोष्टीचा निकाल कधीच लागलेला आहे. प्रश्न आदल्या दिवशी पाहुण्याला दाखवायचे. 'एवढ्या धावपळीत घराला वेळ कसा देता?' असं विचारायचं. पाहुण्याने 'सगळं श्रेय सौभाग्यवतींचं' म्हणायचं, सौभाग्यवतींनी पहिल्या रांगेत पदर सारखा करायचा, की शाल, नारळ आणि चहा. घरात खरोखर काय चालतं हे विचारायचा चावटपणा कुणी करत नाही.

याच समजुतीवर विसंबून आमच्या डार्मश्टाटच्या मराठी मंडळाने शमिकाची मुलाखत भर सभागृहात, पडद्यावर दाखवायचं ठरवलं.

शमिका मेलबर्नला असते. टीव्हीवर बागकाम शिकवते. तिने एखादं रोप चांगलं म्हटलं की दुसऱ्या दिवशी ते तिकडच्या दुकानांतून संपतं, इतकी ती प्रसिद्ध आहे. नामवंत ऑस्ट्रेलियन माणसांना खुर्चीत बसवून त्यांचं खाजगी आयुष्य काढून घेणाऱ्या एका कार्यक्रमात तिला बोलावलं होतं. तिचे आईवडील, विलासराव आणि प्रभाताई, तेव्हा पुण्याहून मुलाकडे, म्हणजे कपिलकडे, डार्मश्टाटला आलेले. मंडळाचा अध्यक्ष गौरांग याने योग साधला. आधी मुलाखत, मग विलासरावांना 'आदर्श पालक' पुरस्कार, कपिलच्या हस्ते. मुलाखत आधी कुणी पाहिली होती का? गौरांगने सुरुवातीची पाच मिनिटं पाहिली होती. त्यांत शमिका गुलाबाच्या छाटणीबद्दल बोलत होती.

रविवारी सकाळी चर्चचं गेमाइन्डेहाउस, म्हणजे सभागृह, भाड्याने घेतलं होतं. विलासराव नवा झब्बा घालून पहिल्या रांगेत. पुण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी 'पुरस्काराचे फोटो थोड्याच वेळात' असं टाकूनही दिलं होतं.

छाटणी संपली. मुलाखत घेणाऱ्या बाई पुढे झुकल्या आणि देवघरात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "आणि वडील?"

शमिकाने डोळे पुसले. "आमच्या पुण्याच्या गॅलरीत मी तेलाच्या डब्यांत झाडं लावली होती," ती सांगू लागली. "दहावीच्या प्रिलिमला गणितात नापास झाले. शाळेतून घरी आले तर गॅलरी धुऊनपुसून मोकळी. बाबांनी सगळी झाडं कचऱ्याच्या गाडीत टाकली होती. त्या दिवशी ठरवलं, आयुष्यात झाडंच लावायची."

बाईंनी तिचा हात धरला. इकडे प्रभाताईंनी खुर्चीचा हात धरला.

"बंद कर ते," विलासराव उभे राहिले. "साफ खोटं आहे. त्या पोरीला मी आयुष्यात कधी मोठ्या आवाजात बोललो नाही. गणितात नापास? वर्गात पहिली असायची. लाव तिला फोन."

"काका, नंतर बोलू ना घरी," गौरांग म्हणाला.

"घरी कशाला? बदनामी हॉलमध्ये झालीय."

हे बिनतोड होतं. शिवाय मंडळाच्या कार्यक्रमात लोकांनी इतकं सरसावून बसावं असा प्रसंग क्वचित येतो, त्यामुळे विलासरावांना फारसं कुणी अडवलं नाही. मेलबर्नला संध्याकाळ होती. शमिकाने फोन लगेच उचलला. गौरांगने फोन माइकला लावला.

"कुणाची झाडं होती ती?"

"बाबा? कुठून बोलताय? आवाज घुमतोय."

"झाडं कुणाची होती तेवढं सांग."

मग शमिका म्हणाली, "दादाची."

"ऐकलंत?" विलासराव सभागृहाकडे वळले. "हिची झाडं मी टाकलेली नाहीत. कपिलची टाकली. नापास कपिल झाला होता. उगाच कुणाचं कुणावर ढकलायचं, आणि तेही टीव्हीवर."

निर्दोष सुटलेल्या माणसासारखे ते आमच्याकडे बघत होते. आम्ही कपिलकडे बघत होतो.

कपिल र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या ब्रेकचं काम करतो आणि मंडळात खुर्च्या लावतो. यापलीकडे त्याच्याबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. त्याच्या बायकोलाही नसावं, कारण अपूर्वा हळूच म्हणाली, "म्हणून बाल्कनीत एक कुंडी ठेवू देत नाहीस होय?"

"पापा, श्टिम्ट दास?" हे खरं का, असं त्यांच्या मुलीने, ओवीने, विचारलं.

कपिलने होकारार्थी मान हलवली, उठला आणि माइक घेतला. आता बापलेकांचं वाजणार असं वाटलं, पण तो बहिणीवरच उखडला होता.

"शमे, मला एकदा विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर बोलला असतास? इतक्या वर्षांत एकदा तरी बोललास?"

"नाही बोललो. ते न बोलणंही माझंच होतं ना? आणि तू रडलीस कशाला? तू तेव्हा त्या कचऱ्याच्या गाडीला टाटा करत होतीस."

"दादा, मी सात वर्षांची होते."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि मुलाखतीत दहावीला बसलीस."

"त्या बाई म्हणाल्या 'वडील', आणि मला तेवढंच आठवलं," शमिका म्हणाली. "माझ्याशी बाबा चांगलेच वागले रे. पण चांगल्या वागण्यावर त्या पुढचा प्रश्न विचारत नाहीत."

"बघ, तीच म्हणते, चांगला वागलो," विलासराव म्हणाले. "शमिका, उद्याच्या उद्या चॅनलला कळव. मुलीच्या जागी मुलगा, एवढी दुरुस्ती करा म्हणावं. गौरांग, तू पुरस्कार उरकून घे. हॉल बारापर्यंतच आहे."

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं म्हणून गौरांगने शाल कपिलपुढे धरली.

"मी नाही देणार," कपिल म्हणाला.

"का? माझ्यावरचा आळ गेला ना?"

"गेला नाही, बाबा. नुसता पत्ता बदलला."

"तू इंजिनिअर झालास की नाही?"

"झालो."

"मग?"

कपिलने माइक बंद केला आणि मागच्या रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचायला लागला. विलासराव शालीसाठी मान किंचित पुढे करून तसेच उभे होते.

"अहो, बसा खाली," प्रभाताई म्हणाल्या.

ते बसले. गौरांगने चहा जाहीर केला. चहा अजून झालेला नव्हता.

ट्रामच्या थांब्यावर मीही त्यांच्यासोबत होतो. विलासराव आधी ऑस्ट्रेलियावर संतापले, मग चॅनलवर, मग अर्धवट मुलाखत बघणाऱ्या गौरांगवर. सोसायटीच्या ग्रुपवर 'फोटो कुठे?' असं तिघांनी विचारलं होतं, मग त्या तिघांवर. मग माणसं संपली आणि ते बाकावर बसले.

"काय काय होतं रे त्या डब्यांत?" त्यांनी कपिलला विचारलं.

"अबोली. गवती चहा. दोन मिरच्या."

"मिरच्या होत्या?" विलासराव पुन्हा तापले. "मग सांगायचं नाही का? मिरच्या ठेवल्या असत्या मी."

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, मिरच्या मंडईत मिळतात."

"मिळतातच," विलासराव म्हणाले. पण ट्राम आली तरी ते उठले नाहीत, म्हणून कपिलही बसून राहिला, आणि आम्ही सगळेच पुढच्या ट्रामने गेलो.