वाकून जा, नेट चालू आहे

त्या दिवशी ऊन असं होतं की समोरच्या गच्चीवरचा कावळा चोच उघडी ठेवून बसला होता. वारा नाही, ढग नाही. खिडकीच्या ग्रिलला बोट लागलं तरी चटका बसावा. हे एवढं सांगतोय, कारण त्या ग्रिलपाशी मलाच ठेवलं होतं. मी भगवानआबांचा मोबाइल.

मोबाइल असून म्हाताऱ्यासारखा बोलतो म्हणाल, तर त्याचं असं आहे. आबांच्या सदऱ्याच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी माझी काही वर्षं गेली. त्यांचीच बोलायची सवय मला लागली. अक्षरं माझ्या अंगावरून खूप गेली, पण वाचायला ना ते शिकले, ना मी.

पहिल्यांदा मला घेतलं ते आबांच्या मुलानं, प्रितमनं. तो तळोज्याला कंपनीत आहे. मग मी त्याच्या मुलीकडे, मैत्रीकडे गेलो. तिच्या कॉलेजात मी खूप मिरवलो आणि एकदा जिन्यावरून पडलो. कोपरा चिरला, सिमचा कप्पा आत अडकला तो आजपर्यंत निघालेला नाही. तिला नवा फोन आला, मी आबांकडे आलो. आबांनी कोथिंबिरीच्या जुडीचा रबर मला घातला आणि माझं दुखणं मिटलं.

आबांकडे काम हलकं होतं. खाली मासेवाली आली की समोरच्या वेणूबाई मिस कॉल देत. उचलायचा नाही, पिशवी घेऊन उतरायचं. माणसं बोलण्यासाठी फोन घेतात आणि न बोलता किती कामं करतात, ते मी तेव्हा पाहिलं.

प्रितमला मात्र मी घरात नको होतो. जुने मोबाइल घेऊन प्लास्टिकचे टब देणारा माणूस गल्लीत आला की तो म्हणायचा, "आबा, द्या की तो डबा. टब तरी मिळेल."

"आन् बहिणीची आठवण आली तर टबातून बोलू का?" आबा विचारायचे.

अशात इमारतीचं रंगकाम निघालं. रंगाऱ्यांचा झोपाळा वर ओढताना आमची नेटची वायर तुटली. वायरवाला म्हणाला, परवा येतो. आणि मैत्रीची मुलाखत त्याच दुपारी. ऐरोलीची कंपनी, घरूनच बोलायचं होतं. याआधी एका ठिकाणी तिचं बोलणं रंगात आलं असताना नेट गेलं होतं, आणि त्या लोकांनी पुन्हा विचारलंच नाही. त्या दिवशी पोरगी जेवली नव्हती. आबाही जेवले नव्हते, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मैत्रीच्या नव्या फोनला आमच्या घरात रेंज मिळत नाही. माझं सिम अडकलेलं, काढून तिच्या फोनात घालता येत नाही, पण त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीत चांगली रेंज येते. तिनं मला तिथं ठेवलं, कुठंतरी बोट दाबलं आणि म्हणाली, "आबा, आज याच्यातलं नेट माझ्या लॅपटॉपला जाणार. फक्त कुणाचा फोन यायला नको. जुना आहे ना, फोन आला की याचं नेट बंद पडतं."

"वायर कुठंय?"

"वायर नाही लागत. हवेतून जातं."

आबांनी हवेत हात फिरवून पाहिला. खिडकीकडे बघितलं, मग दारातून हॉलमधल्या टेबलाकडे. दोरीवरचा टॉवेल काढला. स्टूल बाजूला केलं. हवेतून जाणाऱ्या गोष्टीला आडवं जाऊ नये, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. माझं नेट भिंतीतूनही जातं, पण हे त्यांना सांगणार कोण?

मग ते समोर गेले. "वेणूबाई, आज मासे आले तरी मिस कॉल देऊ नका."

"का वो? उपास धरलाय?"

"मैत्रीची मुलाखत हाय. माझ्या मोबाइलवर."

"तुमच्या त्या रबरवाल्यावर? मंग झालंच पोरीचं कल्यान."

मुलाखत सुरू झाली. प्रश्न विचारणाऱ्या बाई इंग्रजीत बोलत होत्या, त्यांच्यासोबत आणखी दोघे होते. मैत्रीचा आवाज आधी कापत होता, मग सरळ झाला. ते सगळं माझ्यातूनच चाललं होतं. सुरुवातीला अभिमान वाटला. मग अंग तापायला लागलं. वरून ऊन, आतून नेट. काचेवर पिवळं काहीतरी उमटलं, त्यात अक्षरं होती.

आबांनी ती पाहिली. वाचता येईना, पण हात लावताच कळलं. तापलेलं पोर काही लिहून दाखवत नाही.

त्यांनी ताट उपडं घातलं, त्यावर मला ठेवलं आणि सुपानं वारा घालायला लागले. त्यानं भागेना. गार ओला रुमाल हवा होता. नळाचं पाणी उन्हानं तापलेलं आणि माठ हॉलमध्ये, नेटच्या वाटेच्या पलीकडे. आबांचे गुडघे सकाळी उठतानाही कुरकुरतात. तरी ते खाली बसले, दोन्ही हात फरशीवर टेकले आणि रांगत मैत्रीच्या मागून पलीकडे गेले. रुमाल भिजवला आणि तसेच रांगत परत आले. ताटाखाली रुमाल गेला तसा माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात वेणूबाई आल्या. मिस कॉल द्यायचा नाही म्हणून स्वतःच आल्या, हातात पातेलं, त्यात खाडीतले मासे, निवट्या. त्या वाटेच्या अगदी मधोमध उभ्या. आबांनी स्वयंपाकघरातून हातानं खूण केली, वाका.

वेणूबाईंना काही कळलं नाही. पण आबांचा चेहरा पाहून त्या वाकल्या, आणि पातेलं पोटाशी धरून कमरेत दुमडून आत आल्या. "काय झालंय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"डोक्यावरून नेट चाललंय."

वेणूबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

हॉलमधलं इंग्रजी थांबलं. मला वाटलं मीच बंद पडलो. पण नाही. त्या बाई मराठीत विचारत होत्या, "मैत्री, तुमच्या मागं आधी एक आजोबा रांगत गेले, रांगत आले. आता एक बाई वाकून गेल्या. घरी सगळं ठीक आहे ना?"

मैत्रीनं मागं वळून पाहिलं. उघडं दार, उपड्या ताटावर मी, सूप हलवणारे आबा आणि शेजारी अजून वाकलेल्या वेणूबाई. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की हसू, ते मला दुरून दिसलं नाही.

"मॅडम, आमची वायर तुटलीय," ती म्हणाली. "आजोबांच्या फोनवर नेट घेतलंय. त्याला धक्का लागू नये म्हणून ते वाकून चालतायत."

पलीकडे मग बाई हसल्या. त्यांच्या बरोबरचे दोघेही हसले. "त्यांना सांगा, नेट एकदम व्यवस्थित आहे. पुढचा प्रश्न विचारू?"

पुढचे सगळे प्रश्न झाले. मी एकदाही तुटलो नाही. स्वतःचं कौतुक करू नये, पण एवढं म्हणतो.

मैत्री आता ऐरोलीला जाते. वायरही जोडून झाली. पण त्या दुपारपासून माझ्यात पहिल्यासारखा दम नाही. दोन फोन झाले की डोळे मिटतात. टबवाला परवा येऊन गेला, तेव्हा प्रितम त्याला स्वतःच म्हणाला, "आमच्याकडे जुना मोबाइल नाही."

माझी जागा आता खिडकीखाली सावलीत, त्याच ताटावर. तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा पडला असेल. त्याला उन्हात ठेवू नका, एवढंच मागणं.

आज सकाळी आबा माझ्याशेजारी लसूण सोलत बसले होते. दारात वेणूबाई आल्या, हातात झाकलेलं पातेलं. उंबऱ्यावर थांबल्या, आधी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

"आबा," त्या म्हणाल्या, "वाकून येऊ का सरळ?"