डब्यातलं वजन

मी गाड्यांच्या सीटा शिवते, तीस वर्षं झाली. त्यामुळे मोटरसायकल विकत घ्यायला गेले आणि सीटच बघत बसले, यात नवल नाही. नवल नसलं तरी गाढवपणा तो गाढवपणाच.

गाडी एका बेकरीवाल्याची होती. जुनी मोटरसायकल, डाव्या अंगाला साइडकार. साइडकारला तो डबा म्हणायचा. वीस वर्षं त्या डब्यातून त्याने दुकानोदुकानी पाव पोचवले होते. आता व्हॅन घेतली म्हणून विकत होता. मी गेल्या गेल्या डब्यातली सीट उचलली, फोम दाबून पाहिला, शिवणीत बोट घालून पावाचा चुरा काढला आणि मनातल्या मनात नवं कापड बेतायला लागले. इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मला घाई होती. आमचे हे चौदा महिने घराबाहेर पडले नव्हते. सत्तावीस वर्षं शहरात बस चालवली, एक ओरखडा नाही, आणि एके दिवशी डेपोच्या जिन्यावरून घसरले. उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. घरात कुबडी घेऊन फिरतात, पण टॅक्सीत तो पाय मावत नाही, आणि बसमध्ये उतारू म्हणून बसायचं नाव काढलं की तोंडाला कुलूप. दिवसभर खिडकीत बसायचं आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला नावं ठेवायची. हल्ली तर नावं ठेवणंही कमी झालं होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटायची. खरं सांगते, हा माणूस खिडकीत बसल्या बसल्या विझून जाणार, असं वाटायचं.

साइडकारमध्ये पाय लांब सोडून बसता येतं, एवढंच मला कळत होतं. एकदा विषय काढून पाहिला, तर म्हणाले, मी काय भाजीची पिशवी आहे का, शेजारी ठेवून न्यायला? मग मी विषय सोडला आणि न सांगता गाडी शोधायला लागले. मोटरसायकल मला नवीन नव्हती. लग्नाआधी भावाची पळवायचे.

बेकरीवाला म्हणाला, चक्कर मारून बघा, आणि स्वतः डब्यात बसला. देह असा, की डबा कुरकुरला. पण गाडी काय गुणाची! डावीकडे, उजवीकडे, म्हणाल तशी वळली. मी तिथेच कागदांवर सही केली.

मग एकटी घरी निघाले. पहिल्याच डाव्या वळणावर डबा जमिनीवरून उचलला गेला. कशीबशी गाडी सरळ केली, कडेला घेतली आणि बेकरीवाल्याला फोन लावला. तो हसत सुटला. अहो ताई, रिकामी कशाला नेताय, म्हणाला, डावीकडे वळताना डब्यात वजन नको का? वाळूचं पोतं टाका एखादं. आता भर रस्त्यात वाळू मी कुठून आणू?

मग ठरवलं, डावीकडे वळायचंच नाही. जिथे एकदा डावीकडे वळायचं, तिथे तीनदा उजवीकडे वळून चौकोन पुरा करायचा. वीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. एका चौकातल्या पोलिसाने मला दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा हात केला.

पण घर आलं आणि सगळं शहाणपण संपलं. आमच्या गल्लीत एकाच दिशेने जाता येतं, फाटक डाव्या हाताला, आणि आत शिरायला चढ. हळू घेतलं तर गाडी चढावर बंद पडायची, जोर दिला तर डबा उचलला जायचा. दोन्ही करून पाहिलं. मागून हॉर्न वाजायला लागले, म्हणून पुढे गेले आणि अख्ख्या वस्तीला वळसा घालून परत आले. खिडकीत हे होते. दुसऱ्या फेरीला पडदा पूर्ण बाजूला झालेला दिसला. तिसऱ्या फेरीला खिडकी उघडली होती आणि हे काहीतरी हातवारे करत होते. चौथ्या फेरीला खिडकीत कोणी नव्हतं. रागावून आत गेले, असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, नाही कशाला म्हणू.

फाटकाशी आले, तर हे तिथे उभे होते. घरातल्या चपला, कुबडी, आणि शर्टाची बटणं वरखाली. अख्खा जिना एकट्याने उतरले होते.

"रिकामा डबा घेऊन डावीकडे वळतं का कोणी?" म्हणाले.

"वजन नाही माझ्याकडे," मी म्हटलं. "तुम्ही बसल्याशिवाय ही गाडी वळायची नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. मागे पुन्हा हॉर्न वाजला. मागच्या ड्रायव्हरला त्यांनी असा काही हात दाखवला, की तो गप्पच झाला. मग कुबडी माझ्या हातात दिली, डब्याची कड धरून हळूहळू आत बसले आणि ताठ पाय पुढे सोडला. पाय मावला. वर दोन बोटं जागा उरली.

"पावाचा वास येतोय," म्हणाले. "चल. वळताना मी डावीकडे झुकेन. तू घाबरून ब्रेक दाबू नकोस."

मी कुबडी डब्यात सरकवली, गाडी सुरू केली, फाटकाकडे वळवायला लागले.

"फाटक राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या नाक्यावर डावीकडे घे."

घेतलं. ते झुकले. डबा जमिनीवरच राहिला.

आता मी लोकांना सांगते, की सगळं ठरवून केलं होतं. साफ खोटं. वाळूचं पोतं मिळालं असतं तर मी ते टाकून गुपचूप घरी आले असते.

डब्याच्या सीटचं कापड महिनाभर पडून आहे. माप घ्यायचं राहिलंय, पण डबा आणि हे घरी सापडतील तर ना.