पिशवीत न ठेवलेला फोन

मंगतायी टॉकीजच्या बायकांच्या खिडकीवर मी एकेचाळीस वर्षं तिकिटं दिली. पूर्वी सिनेमाची रिळं पेटीतून यायची. राजमंड्रीच्या बसच्या टपावरून पेटी उतरली की आम्ही बायका तिला हळदकुंकू लावायचो, नव्या सुनेला लावावं तसं. पुढे पेट्या गेल्या, सिनेमा उपग्रहावरून, आकाशातून यायला लागला, आणि माझ्या कामात एक भर पडली. नव्या सिनेमाच्या पहिल्या दिवशी बायकांचे फोन दारातच घ्यायचे, कापडी पिशवीत घालायचे, हातात बिल्ला द्यायचा. लोक चोरून सिनेमा टिपतात आणि जगभर वाटतात, म्हणून.

त्या शुक्रवारी सत्तिबाबूचा सिनेमा लागला. एके काळी आमच्या टॉकीजचे फलक तोच रंगवायचा. मग हैदराबादेत, सिनेमाच्या नादानं आलेले राहतात त्या कृष्णानगरच्या खोल्यांत त्यानं नऊ वर्षं काढली, कुणाकुणा दिग्दर्शकाच्या हाताखाली, आणि चाळिशीत पहिला सिनेमा केला. तोही इथेच, आमच्या गोदावरीच्या धक्क्यावर. मला तो पिन्नी म्हणायचा, मावशी. सकाळी त्यानं नारळ माझ्या हातात दिला.

"पिन्नी, तूच फोड. हा चालला तर दुसरा मिळेल. नाही चालला तर येतो परत फलक रंगवायला."

"मेल्या, फलक आता छापून येतात. तुला कोण ठेवतंय?"

तो हसला.

खेळाला दहा मिनिटं असताना नागमणी आली. माझ्याच गल्लीतली, मला अत्ता म्हणजे आत्या म्हणणारी. तिची थोरली बहीण चिट्टेम्मा कुवेतला एका घरी कामाला आहे. अकरा वर्षांत एकदाही आलेली नाही, पासपोर्ट मालकाकडे. आई गेली तेव्हाही तिला सोडलं नाही. आणि ती आई सत्तिबाबूच्या सिनेमात होती. धक्क्यावर मासे निवडणारी म्हातारी. चित्रण झालं आणि दोन महिन्यांत ती गेली.

"अत्ता, फोन आत नेऊ दे. अक्काला अम्मा दाखवायची आहे. तेवढाच तुकडा टिपते."

"नियम आहे गं."

"नियम! त्या घरचा कुत्रा मेला तर चार दिवस चूल पेटली नाही म्हणे. माझ्या अक्काला आईसाठी रडायला कोपरा मिळाला नाही."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि तिचा फोन पिशवीत न घालता तिच्याच पदराखाली सरकवला.

रविवारी बसमध्ये शेजारचा माणूस मोबाइलवर सत्तिबाबूचा सिनेमा बघत होता. आवाज ऐकला आणि मी त्याच्याकडे सरकले. आमच्या पंख्यांची घरघर. आमच्या लोकांच्या शिट्ट्या. मध्येच एक खोकला, आमच्या गल्लीतल्या रामतुलसम्माचा, मी जन्मभर ऐकलेला.

"तुकडा कधी येणार ते मला कुठे ठाऊक?" मी घरी गाठली तेव्हा नागमणी रडत म्हणाली. "म्हणून पहिल्यापासून चालूच ठेवला." तिनं तो सगळा सिनेमा अक्काला पाठवला, अक्कानं ओळखीच्या बायकांना, आणि पुढे कुणाच्या हातून चोरांकडे गेला देव जाणे.

मंगळवारी वितरकाची माणसं आली. पडद्यावर डोळ्यांना न दिसणारे ठिपके असतात. त्यावरून चोरी कुठल्या टॉकीजमध्ये, कुठल्या खेळाला झाली, सगळं कळतं. "मंगतायी, शुक्रवार, सकाळचा खेळ," असं त्यांनी मालकांना ऐकवलं. आम्हाला नवे सिनेमे मिळणं बंद झालं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, गर्दी होती, राहिला असेल एखादीचा फोन. तोवर गावोगाव सत्तिबाबूचा सिनेमा उतरत होता. आमच्याकडे शेवटच्या खेळाला सात माणसं होती.

गुरुवारी सत्तिबाबू माझ्या खिडकीशी आला. दाढी वाढलेली.

"पिन्नी, कोण होतं?"

त्याच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना. "मी," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. त्यानं खिडकीचे गज धरले.

"मग? चिट्टेम्माला दिसली का अम्मा?"

"नाही रे. म्हातारी पडद्यावर आली आणि सगळं गाव उठून उभं राहिलं. आपली अम्मा म्हणून ओरडले, कागद उधळले. फोनमध्ये नुसती डोकी आली आहेत."

त्यानं कपाळ गजांवर टेकलं.

"मला सांगायचं होतंस, पिन्नी. तेवढा तुकडा मीच दिला असता."

दुपारच्या बसनं तो गेला. आठवड्यानं त्यानं नागमणीला तो तुकडा पाठवला, एका मिनिटाचा. त्यात म्हातारी मासे निवडते, मान वर करते आणि हसते. मला काही पाठवलं नाही.

दुसरा सिनेमा त्याला मिळाला नाही. विजयवाड्यात लग्नांचं चित्रण करतो म्हणतात. मंगतायीला कुलूप लागलं. संक्रांतीला मी त्याला फोन लावते. वाजत राहतो.